आरशावरची चादर

१

छप्पर उडालेल्या घरात पाय टाकला की आधी वास येतो. भिजून फुगलेल्या गाद्या, आंबलेलं मक्याचं पीठ, पत्र्याखालच्या पोकळीतून धुऊन खाली आलेली उंदरांची घाण. वीस वर्षं मी विमा कंपन्यांसाठी असली घरं तपासते आहे, तरी अजून नाकाला रुमाल लावते. पण वासाचं एक वेळ चालेल. त्या वासामागोमाग जी माणसं गोळा होतात ना, त्यांची मला जास्त शिसारी येते.

त्या सोमवारी निघण्याआधीच विमा कंपनीच्या नेथलिंग साहेबाने फोन करून माझा दिवस नासवला होता.

“पुलेंग, उगाच कीस पाडत बसू नकोस. म्हातारीने स्वतःच पत्रे सैल करून ठेवलेत. सही कर आणि ये परत.”

“मग मला कशाला पाठवताय, साहेब? सही तुम्हीच करा.”

“दुसरी सही लागते. नियम आहे.” आणि तो हसला. हा माणूस दर वर्षी सप्टेंबरात लोकांना पत्रकं वाटतो, वादळं यायच्या आत घर जपा, पन्हळी साफ करा, पत्रे आवळून घ्या. आणि डिसेंबरात त्याच लोकांना ‘देखभाल केली नाही’ म्हणून हात हलवत परत पाठवतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेन शहराहून पूर्वेला, थाबा न्चू गावाच्या पुढे, मेत्सिंग नावाची आमची एक वस्ती आहे. हमरस्त्याला लागून कोपऱ्यावर म्मे माखोत्सोचं घर; म्मे म्हणजे आई, बाईला मानाने म्हणतात. नर्सची नोकरी करता करता तिने ते एकेक खोली करून वाढवलं. नवरा लवकर गेला, मुलगा एकच. गुरुवारी दुपारी पश्चिमेकडून वादळ आलं आणि त्या एकाच घराचे पत्रे उचलून शेजारच्या मैदानात नेऊन टाकले. बाकी वस्तीत चार काचा फुटल्या, तेवढंच.

शुक्रवारी सकाळी कंपनीत कुणीतरी नाव न सांगता फोन केला. “माखोत्सोच्या छताचे स्क्रू तपासा,” एवढंच बोलून ठेवून दिला. शनिवारी कंपनीचा माणूस गेला. वाऱ्याने पत्रा उपटला तर स्क्रूची भोकं फाटतात, लांबोळकी होतात. इथे पश्चिमेच्या कडेची सगळी भोकं गोल, स्वच्छ. स्क्रू वादळाआधीच कुणीतरी काढले होते. आणि ते सापडले कुठे, तर स्वयंपाकघराच्या पायरीपाशी, कॉफीच्या डब्यात, झाकण लावून ठेवलेले.

म्मे माखोत्सो दारातच उभी होती. सडपातळ, ताठ, डोक्याला घट्ट रुमाल.

“ये पोरी. बस म्हटलं असतं, पण खुर्च्या सगळ्या फुगल्यात.”

“राहताय कुठे, म्मे?”

“चर्चच्या हॉलमध्ये. बाकावर झोपते. पाठ म्हणते घरी चल, मी म्हणते कुठल्या?”

ती हसली, मला हसू आलं नाही. दावा फेटाळला तर हे घर पुन्हा उभं राहणार नव्हतं. वर कंपनी पोलिसात फसवणुकीची तक्रार देणार होती. मग तिच्याकडे एकच गोष्ट उरली असती, ही कोपऱ्यावरची जागा विकणं. दोन वर्षं एक पेट्रोलपंपवाला त्या जागेसाठी लाळ गाळत होता.

तिने मला एकेक खोली दाखवली. निजायच्या खोलीत छत कोसळून पलंगावर पडलेलं, कपाटाची दारं उघडी, सगळा नुसता लगदा. भिंतीपाशी उंच आरशाचं जुनं टेबल तेवढं शाबूत होतं. आरशावर चादर बांधलेली, चिखलाने माखलेली. ती मी पाहिली आणि पुढे गेले. आरसा वीज ओढतो अशी आमच्याकडे समजूत, म्हणून ढग गडगडले की बाई आधी आरसा झाकते, मग प्लग काढते, मग तोंड मिटून बसते. मी विमा कंपनीची माणूस, वीज कशी पडते ते मला पाठ आहे, तरी मीसुद्धा झाकते.

“म्मे, स्पष्ट विचारते. स्क्रू तुम्ही काढायला लावलेत का?”

तिने कपाटाचं उघडं दार लोटून घेतलं.

“मी दर गुरुवारसारखी चर्चमध्ये प्रार्थनेला होते. चाळीस बायकांमध्ये, मंडळाचं लाल जाकीट घालून. निघाले तेव्हा आभाळ असं कोरडं होतं की मी धुणं वाळत घालून गेले. त्याच्या पुढचं मला विचारू नकोस.”

‘मला माहीत नाही’ असं ती म्हणाली नाही. विचारू नकोस, म्हणाली.

२

छतं घालणारा गोरा ठेकेदार हेनी स्त्रायडम मला शोधत स्वतःच आला. वादळ झालं की दुसऱ्या दिवशी याची पिकअप गल्लीबोळातून फिरायला लागते, मागे कोरे पत्रे, पुढे हा, तोंडात सुकवलेल्या मांसाची पट्टी. लोकांची घरं उघडी पडली की याला भूक लागते.

“बाई, माझं नाव यात घ्यायचं नाही,” त्याने खिडकीतूनच सुरुवात केली. “सप्टेंबरात मीच आवळलंय ते छत. एकूण एक स्क्रू नवा, रबरी वायसरसकट. म्हातारी खाली उभी राहून मोजत होती! इतकी कटकट मला माझी बायको करत नाही.”

“गुरुवारी दुपारी छतावर निळ्या डांगरीतला माणूस होता म्हणतात. तुमची माणसं निळी डांगरी घालतात.”

“अर्धा देश घालतो! उद्या टोपी दिसली म्हणून पकडाल.”

“मग काढले कुणी?”

“मला काय माहीत? तुमच्या लोकांचं एकेक…” तो थांबला. मी त्याच्याकडे पाहत राहिले. त्याने मांसाची पट्टी दुसऱ्या गालात ढकलली. असं अर्धं गिळलेलं वाक्य मी या नोकरीत किती वेळा ऐकलंय! अशा वेळी वाटतं, निदान पूर्ण तरी थुंका.

“म्हणजे माझं म्हणणं,” तो जरा उतरून म्हणाला, “कंपनीने पैसे दिले तर नवं छत कोण घालणार? मी. नाही दिले तर? ती बाई मला काय प्रार्थना म्हणून दाखवणार? स्क्रू काढून डब्यात भरून दारात ठेवायला मी काय खुळा आहे?”

हा माणूस मला अजिबात आवडला नव्हता, पण त्याचं बोलणं काही चुकीचं नव्हतं.

कुंपणापलीकडे पित्सोचं गॅरेज. गॅरेज कसलं, चार खांब आणि वर ताडपत्री. याचं वापरलेलं ऑइल म्मेच्या वाफ्यात वाहत जायचं, म्हणून तिने नगरपालिकेत तक्रार केली होती, आणि दोघांचं वर्षभर बोलणं बंद होतं. शनिवारी आलेल्या कंपनीच्या माणसाने त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

“हो, भांडण आहे,” तो टॅक्सीखालूनच म्हणाला. “तिची भाजी मेली, मी सॉरी म्हटलं नाही. म्हणून काय तिचं छप्पर उडवू? मी गुरुवारी या डबड्याच्या खाली होतो, आणि याचा मालक माझ्या डोक्यावर. हललो असतो तर लाथ घातली असती त्याने.”

“छतावरचा माणूस पाहिलात?”

“पाठ पाहिली. डांगरी, टोपी. मला वाटलं हेनीचं पोर आहे. शिडी मात्र म्हातारीची होती, पिवळा रंग सांडलेली. मला कधी दिली नाही तिने ती.”

मी मान वळवली. पिवळे डाग पडलेली शिडी मी मघाशीच पाहिली होती, घराच्या आतल्या बोळात, भिंतीला टेकवून ठेवलेली.

“ती बाहेर असते?”

“ती? बाहेर? ही बाई झाडूसुद्धा कुलपात ठेवते.”

“आणि वादळ सुरू झालं तेव्हा?”

“पहिल्यांदा गडगडलं तेव्हा आम्ही गाडी आत ढकलत होतो. तिचं धुणं तारेवर होतं, एक मोठी चादर आणि दोन उशांचे अभ्रे. मनात आलं, हाक मारावी. मग म्हटलं, आपलं बोलणं बंद आहे.” तो बाहेर सरकून आला आणि हात पुसत बसला. “गाडी लावून पाहतो तर चादर गायब. वाऱ्याने नेली असणार. अभ्रे तेवढे फडफडत होते. नंतर ते माझ्याच कुंपणात अडकले. मी शुक्रवारी नेऊन दिले तिला.”

“काय म्हणाली?”

“काही नाही. अभ्रे हातात घेऊन उभी राहिली नुसती. तिला तशी पाहून शेवटी मला सॉरी म्हणायचं सुचलं.”

३

मुलाची भेट चर्चच्या हॉलमध्ये झाली.

खोत्सो जोहान्सबर्गला मोठ्या हुद्द्यावर होता. उंची बूट, मऊ आवाज. त्याने आईसाठी नवं ब्लँकेट, फळं, गॅसची शेगडी असं सगळं आणलं होतं, आणि ते बाकावर मांडून ठेवलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना दिसेल असं. बायका त्याला आशीर्वाद देत होत्या. असा मुलगा सगळ्यांना मिळो, वगैरे.

तो मला बाजूला घेऊन गेला.

“म्मे मोखेती,” त्याने मला आडनावाने हाक मारली, “तुम्ही समजूतदार दिसता. आई थकली आहे. विसरते. दुरुस्तीच्या नादात तिनेच कुणाकडून तरी स्क्रू काढून घेतले असतील आणि विसरली असेल.”

“विसरते? मला तर तिने सप्टेंबरात किती स्क्रू बसवले ते सांगितलं.”

“जुनं आठवतं हो. आत्ताचं नाही.” त्याने आवाज आणखी खाली आणला. “माझी एकच विनंती आहे. पोलिसात नका जाऊ. दावा गुपचूप नाकारा. आम्ही काही भांडणार नाही. मी तिला माझ्याजवळच्या एका चांगल्या वृद्धाश्रमात ठेवतो. बाग आहे, नर्सेस आहेत. आयुष्यभर लोकांचं केलं तिने, आता लोक तिचं करतील.”

“आणि जागा?”

“जागेचं बघू नंतर,” तो पटकन म्हणाला.

“गुरुवारी तुम्ही कुठे होतात?”

“ऑफिसात. संध्याकाळी तिचाच फोन आला. रात्री झोप नाही लागली. उजाडताच निघालो.” त्याचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. मला उगाच वाटलं, हॉलमध्ये फिनेलचा वास जरा जास्तच येतोय.

पलीकडे म्मे बाकावर बसून होती. मुलाने आणलेल्या ब्लँकेटची घडीही तिने मोडली नव्हती.

मी गाडीत जाऊन बसले. कोपऱ्यावरच्या बाईकडून घेतलेले गरम माग्वेन्या, पिठाचे तळलेले गोळे, मांडीवर होते, पण खायची इच्छा मेली होती. तेलकट कागदाकडे बघत मी डोकं चालवत राहिले.

विम्यासाठी कुणी स्वतःचं छप्पर सैल केलं, तर तो स्क्रू कुठे टाकेल? नाल्यात, शेतात, निदान पित्सोच्या भंगारात. झाकणबंद डब्यात भरून पायरीवर कोण ठेवतो? ज्याला ते सापडायला हवे आहेत तो. आणि तेवढ्याने भागेल की नाही अशी धाकधूक वाटली, म्हणून ज्याने फोनही केला तो. म्हणजे या माणसाला पैसे मिळायला नकोच होते. त्याला दावा फेटाळलेला हवा होता.

दावा फेटाळला जावा असं कुणाला वाटेल? म्मेला नाही. हेनीला नाही, त्याचं काम जाणार. पित्सोला? शेजारी पेट्रोलपंप आला की त्याची ताडपत्री पहिल्यांदा उठणार. आणि पंपवाला? त्याच्याकडे घराची किल्ली नव्हती. शिडी कुलपातून बाहेर आली, पुन्हा कुलपात गेली, आणि कुठलंही कुलूप तुटलेलं नव्हतं.

एवढ्यात मला ती चादर आठवली. आभाळ कोरडं असताना ही बाई घरातून निघाली. वादळ आलं तेव्हा ती चर्चमध्ये होती. मग तिच्या खोलीतला आरसा झाकला कुणी?

४

मी तशीच परत गेले. म्मे हॉलमध्येच होती, किल्ली तिने मुकाट्याने काढून दिली. कशाला हवी, हेही विचारलं नाही.

आरशापुढे मी पहिल्यांदा नीट उभी राहिले. मोठी, पांढरी असावी अशी चादर. वरची दोन टोकं आरशाच्या मागे नेऊन एकमेकांना गाठ मारलेली, बाई पाठीवर मूल बांधते तशी. आम्ही आपले आरशावर कापड नुसतं टाकतो. मी तरी असं बांधलेलं कधी पाहिलं नव्हतं. बाजूला खिडकी होती, तिच्यातून वारा येत असणार, नुसतं टाकलेलं कापड उडत असणार. या खोलीत हा आरसा असाच झाकावा लागतो, हे इथे वाढलेल्या माणसालाच माहीत असणार.

मी खाली वाकले. चादरीच्या काठाला चिखलाच्या थराखाली काहीतरी टणक लागलं. नखाने खरवडलं. लाकडी चिमटा होता, कपडे वाळत घालायचा. घाईत ओढून काढताना चादरीबरोबरच आलेला.

मी पलंगाच्या कडेला, त्या लगद्यावरच बसले. गुरुवारी पहिलं गडगडलं तेव्हा ही चादर बाहेर तारेवर होती, पित्सोने पाहिली होती. आता ती इथे होती. मध्ये कुणीतरी छतावरून उतरलं, शिडी आत ठेवली, धुणं काढायला धावलं, आणि आरसा झाकला. छताचे स्क्रू काढून झाल्यावर. जे घर तासाभरात उघडं पडणार हे त्याला ठाऊक होतं, त्या घरातला आरसा त्याने विजेपासून जपला.

लहानपणी आई ओरडते, “पोरा, गडगडलं! धुणं काढ! आरसा झाक!” आणि पोर धावतं. पुढे पोर मोठं होतं, शिकतं, ऑफिसात जातं, आईच्या डोक्यावरचं छप्पर काढायला येतं. हात मात्र तेव्हाचेच राहतात.

मला तिथे बसवेना. बाहेर जाऊन वाफ्याजवळ उभी राहिले.

आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. ही चादर मला दिसली, तर म्मेला दिसली नसेल? गुरुवारपासून तिने घरातला चमचान् चमचा उचलून पुसून ठेवला होता. या चादरीला तेवढा हात लावला नव्हता. अभ्रे हातात घेऊन ती उगाच उभी राहिली नव्हती.

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

५

हवामान खात्याने बुधवारी दुपारी गारांचा इशारा दिला होता. मी बुधवार दुपारच ठरवली. हॉलमध्ये चहाला चौघांना बोलावलं, म्मे, खोत्सो, हेनी, पित्सो. कंपनीचा निकाल सांगते म्हटलं.

हॉलच्या दाराशी खिळ्याला टांगलेला एक बेताचा आरसा आहे, प्रार्थनेला जाताना बायका त्यात टोप्या सारख्या करतात. त्याच्याखालच्या टेबलावर मी स्वच्छ टेबलक्लॉथ घडी करून ठेवला होता, आणि टेबलाजवळची खुर्ची खोत्सोला दिली होती. हे ठरवून केलं होतं, ते लपवत नाही.

“लवकर आटपा,” हेनी चहात साखर ढवळत म्हणाला. “गारा आल्या की मला कामं येतात.”

“तुला काय, देवाने गारा तुझ्यासाठीच केल्यात,” पित्सो म्हणाला.

“निदान मी देवाचं काम तरी करतो. तू ऑइल सांडतोस.”

बाहेर उजेड पिवळट झाला. लांब कुठेतरी घरंगळल्यासारखा आवाज आला. खोत्सो तेव्हा माझ्याशी बोलत होता, वृद्धाश्रमाच्या बागेत गुलाब किती आहेत ते सांगत होता. “म्मे मोखेती, आईला गुलाबांची इतकी…” दुसरा गडगडाट डोक्यावरच झाला. पित्सोने हात लांब करून किटलीचा प्लग ओढला. हेनी ढवळत राहिला. आणि खोत्सो, वाक्य न तोडता, उठला, टेबलक्लॉथ झटकून उलगडला, आरशावर टाकला, दोन टोकं मागे नेली आणि गाठ मारली. “…आवड आहे की तिथे तिचा वेळ मजेत जाईल,” म्हणत तो परत बसला.

माझी नजर आरशावर गेली. म्मेसुद्धा त्या गाठीकडे बघत होती.

“न्ताते खोत्सो,” मी मुद्दाम मानाने म्हटलं, “ही गाठ कुठे शिकलात?”

“कुठली?” त्याने मागे वळून पाहिलं.

मी पिशवीतून तो चिमटा काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. शिडी, किल्ली, डबा, फोन, तारेवरची चादर. कुठे आवाज चढवला नाही. हेनीचा चमचा थांबला होता.

“हे काय आहे?” खोत्सो हसला. “एका चादरीवरून? मी जोहान्सबर्गला होतो!”

“मी झाकला आरसा,” म्मे म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

“मीच झाकला, पोरी. निघायच्या आधी. आता आठवलं.”

“म्मे, असं म्हणू नका,” मी म्हटलं. “मालकाने किंवा घरात राहणाऱ्याने केलेलं नुकसान कंपनी भरत नाही. खोत्सो त्या घरात राहत नाहीत. खरं सांगितलंत तर छप्पर मिळेल. घरात दुसरं कुणी नव्हतंच म्हणालात, तर सगळं तुमच्यावर येतं. मला दाव्याच्या विरुद्ध सही करावी लागेल.”

“मग कर सही.”

“घर जाईल, म्मे. वर पोलीस येतील.”

“जाऊ दे. येऊ दे.” तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते. “माझंच आहे ते.”

तिला काय ‘माझंच’ म्हणायचं होतं, घर नव्हे, पोर, ते मला कळलं, आणि माझा नाइलाज झाला. मी खोत्सोकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा बोलेल. आई स्वतःला चिखलात गाडून घेते आहे, आता तरी याच्या तोंडून शब्द फुटेल.

शब्द फुटला.

“पाहिलंत ना?” त्याने सुस्कारा सोडला आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला. “मी सांगत होतो. तिला काही आठवत नाही बिचारीला. करा तुम्ही सही.”

वीस वर्षांत मी खूप किळसवाणं पाहिलं आहे. ओल्या भिंतीवर रंग मारून विकलेली घरं, मेलेल्याच्या नावावर केलेले दावे. त्या हाताइतकं काही पाहिलेलं नाही. मऊ, काळजीवाहू हात, आईच्या खांद्यावर थोपटत होता.

६

गारा सुरू झाल्या. हॉलचा पत्रा असा वाजायला लागला की थोडा वेळ कुणी कुणाशी बोलू शकलं नाही. म्मेने खांद्यावरचा हात उचलला आणि त्याच्या मांडीवर परत ठेवला, पडलेली वस्तू ज्याची त्याला द्यावी तसा.

आवाज ओसरला तेव्हा ती त्याच्याकडे वळली. नर्स रोग्याला विचारते तसं, साधं विचारलं.

“चादर आत घेतलीस. मग अभ्रे का ठेवलेस तारेवर?”

“पाऊस आला ना एकदम,” खोत्सो म्हणाला.

म्हणून गेला आणि मग त्याला कळलं. पित्सो उठून दारात जाऊन उभा राहिला, पाठ करून. हेनीने टोपी काढली. ती कुणासाठी काढली, कोण जाणे.

“आई, ऐक,” खोत्सोचा मऊ आवाज गेला होता. “तू तिथे एकटी मरशील म्हणून… ते घर तुला खातंय. पंपवाला थांबणार नव्हता. तू ऐकत नव्हतीस! मी वादळाचा इशारा असलेला गुरुवार निवडला, तू चर्चमध्ये असतेस, तुला लागू नये म्हणून गुरुवार निवडला!”

“हो,” म्मे म्हणाली. “तेवढं केलंस.”

“तू मला तुरुंगात घालणार?”

“मी तुला वाचवत होते आत्ता. तू बघितलंस. तू म्हणालास, करा सही.” तिने हात पुढे केला. “किल्ली.”

त्याने गाडीच्या जुडग्यातून ती काढली. कडी निघेना. आईने मदत केली नाही. किल्ली हातात आली तशी तिने ती जाकिटाच्या आत, छातीशी ठेवली, आणि मला म्हणाली, “लिही पोरी. जे आहे ते लिही.”

मी कागद काढले. माझी किळस अजून उतरली नव्हती, साहेबाचीही आठवण येत होती. तो दुसरी पळवाट शोधणार हे मला माहीत होतं. त्याने शोधलीच, ‘किल्ली मालकिणीनेच दिली होती’ अशी. मी लेखी भांडले, आणि जानेवारीत हेनीने नवे पत्रे घातले. म्मे खाली उभी राहून स्क्रू मोजत होती म्हणे.

पण ते पुढचं. त्या दुपारी मी पेन उघडलं आणि पहिल्याच ओळीवर अडले. आमच्याकडे सून घरात आली की सासरचे तिचं नाव ठेवतात, होणाऱ्या मुलाच्या नावावरून. माखोत्सो, खोत्सोची आई. तो जन्मायच्या आधीपासून ती त्याची आई होती. आणि आता खाली मला लिहायचं होतं, नुकसान करणारा, खोत्सो.

“म्मे,” मी हळूच विचारलं, “तुमचं माहेरचं नाव घालू का?”

ती आरशावरची गाठ सोडत होती. टेबलक्लॉथ काढून तिने नीट घडी केली.

“त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नाही,” ती म्हणाली. “माखोत्सोच लिही.”